डॉक्टर म्हणाले ऑपरेशन नको, मग घरी नक्की काय करायचं? (कुत्रं, मांजर, घोडा)

मागच्या दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या रात्री खाली कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला आणि आमच्या बंड्याने घाबरून पलंगावरून जी झेप घेतली ती थेट गुळगुळीत फरशीवर, मागचा डावा पाय सटकन फाकला आणि असा केकाटला की आईच्या हातातलं ताट पडलं. बंड्या म्हणजे पॉमेरियन म्हणून आणलेला पण खरं तर स्पिट्झ (आपल्याकडे निम्मे पॉमेरियन स्पिट्झच निघतात, असो), वजन तेव्हा १३ किलो, असायला हवं होतं १०. सकाळी बघतो तर साहेब तीन पायांवर. डॉक्टरांनी गुडघा हाताने हलवून बघितला, एक्स-रे काढला आणि म्हणाले, गुडघ्यातला क्रूसिएट लिगामेंट (गुडघ्याची हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा) अर्धवट फाटलाय, पण १५ किलोच्या आतलं कुत्रं आहे, दोन महिने बिनऑपरेशनचं करून बघू.

मी मनात म्हटलं चला सुटलो. कसलं सुटलो! ऑपरेशन नाही म्हणजे काही करायचंच नाही असं नसतं, उलट सगळी ड्युटी आपल्याकडे येते. आणि दवाखान्यातून निघताना हातात काय असतं तर गोळ्यांची चिठ्ठी आणि "रेस्ट द्या" एवढे दोन शब्द. रेस्ट म्हणजे किती, कशी, कधीपर्यंत, मधे व्यायाम करायचा का, हे कुणी बसून सांगत नाही, गर्दीच तेवढी असते. म्हणून हे लिहितोय. बंड्याचं शिकलेलं आहे आणि त्याच्याआधी आमच्या मामांच्या घोडीची शीर (रक्ताची नाही, स्नायू हाडाला जोडणारा दोर, टेंडन) गेली होती तेव्हाचं आहे, तिचं शेवटी सांगतो. मी डॉक्टर नाही, काय झालंय ते डॉक्टरांनीच ठरवायचं, हे त्यानंतरचं आहे.

आधी हे बघा, घरी ठेवण्यासारखं आहे का

हाड बाहेर आलंय, पाय नुसता लोंबतोय, गाडीखाली आलंय आणि तेव्हापासून शू केलेली नाही, धाप लागलीय, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, यातलं काहीही असेल तर हे वाचत बसू नका, निघा. हिरडी बोटाने दाबून सोडली की २ सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला पाहिजे, नाही झाली तर आत कुठेतरी रक्त जातंय किंवा शॉक आहे असं समजायचं. न्यायचं कसं तर उचलून कडेवर नाही, फळीवर किंवा जाड चादर दोघांनी ताणून धरून. मांजराचं पिल्लू असेल तर पोळपाट पण चालतो, खरंच. आणि कितीही लाडकं असलं तरी दुखत असताना चावतं, तोंडाला ओढणी बांधा, फक्त उलट्या होत असतील किंवा पगसारखं चपट्या नाकाचं असेल तर बांधू नका.

पाठीच्या मणक्याचं वेगळं प्रकरण. डॅशहंड लोकांना हे हमखास होतं, सोफ्यावरून उडी मारली आणि मागचे पाय गेले. यात एक गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. पायाचं बोट जोरात चिमटलं आणि त्याने पाय आखडून घेतला म्हणजे जाणीव आहे असं मला वाटायचं, पण ते नुसतं रिफ्लेक्स असू शकतं. चिमटल्यावर मान वळवून बघितलं, ओरडलं, चावायला आलं, तर त्याला खरंच कळतंय. असं असेल तर डॉक्टर बऱ्याच वेळा ४ ते ६ आठवडे पिंजऱ्यात ठेवून बघतात आणि बरीच कुत्री उठतात. पण पाय आखडतोय आणि चेहऱ्यावर काहीच नाही, ही इमर्जन्सी आहे, एक-एक तास महत्त्वाचा असतो. तेव्हा दुसऱ्या दिवशीची अपॉइंटमेंट घेऊ नका, त्याच रात्री मुंबई-पुण्याला फोन लावा जिथे एमआरआय आणि मणक्याचं ऑपरेशन होतं.

अजून दोन ठिकाणी बिनऑपरेशनचा हट्ट धरू नका. एक, लॅब्रेडोर, जर्मन शेफर्डसारख्या ३० किलोच्या कुत्र्याचा क्रूसिएट पूर्ण गेला असेल तर नुसत्या आरामावर तो नीट व्हायची शक्यता फार कमी असते. दोन, टॉय पॉम, चिहुआहुआ अशा जातींचं पुढच्या पायाचं मनगटाजवळचं हाड, तिथे रक्तपुरवठाच कमी असतो त्यामुळे नुसत्या प्लास्टरमध्ये ते जुळतच नाही बऱ्याचदा, प्लेटच लागते. याउलट चार महिन्यांच्या पिल्लाचं साधं चिरलेलं हाड प्लास्टरमध्ये ३-४ आठवड्यांत धरतं, मोठ्या कुत्र्याला तेच ८ ते १२ आठवडे लागतात. आणि प्लास्टर कोपराच्या किंवा गुडघ्याच्या खालच्या हाडालाच, कारण मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा दोन्ही सांधे बांधायला लागतात, मांडीच्या हाडाला ते जमत नाही. कुणी मांडी मोडलेल्या कुत्र्याला अर्ध्या पायापर्यंत प्लास्टर घालून देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, ते ओझं उलट तुटलेल्या जागेवर लोंबतं.

पहिले तीन दिवस बर्फ

मुरगळणं, शीर ताणणं, लिगामेंट, सगळ्याला पहिले ४८ ते ७२ तास थंड. गरम शेक नको, आणि इथेच घरातली सगळी मोठी माणसं तुमच्या विरोधात जातात, "अरे शेक दे, मोहरीचं तेल गरम करून चोळ". नाही. नुकतीच सूज आलीय तिथे गरम केलं की सूज वाढते. फ्रीजरमधल्या मटारची पिशवी सगळ्यात भारी, सांध्याभोवती मस्त वळते, मधे पातळ टॉवेल, १०-१५ मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा. आमच्या मटारच्या पिशवीवर आईने मार्करने "बंड्या" लिहून ठेवलं होतं म्हणजे ती पुलावात जाऊ नये. तीन दिवसांनी सूज उतरली की मग शेक चालू, व्यायामाच्या आधी १० मिनिटं, स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, आपल्याला चटका बसला तर त्यालाही बसतो. बाम, आयोडेक्स, स्प्रे काही लावायचं नाही, ते चाटतं आणि पोटात जातं.

गोळ्यांबद्दल जरा कडक बोलतो

माणसांची पेनकिलर द्यायची नाही. मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विष, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते, कारण ते औषध फोडून बाहेर टाकायची यंत्रणाच मांजराच्या लिव्हरमध्ये जवळपास नसते. कुत्र्याला आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक दिलं तर पोटात अल्सर आणि किडनी. डायक्लोफिनॅकचं तर अजून एक, जनावरांसाठी ते २००६ पासून भारतात बंदच आहे, कारण औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांच्या किडन्या जायच्या, देशातली गिधाडं त्याच्यापायीच संपत आली. आमच्या नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यावर आज जी थोडीफार दिसतात ती बघताना हे आठवतं मला, जटायूची गोष्ट सांगणाऱ्या जिल्ह्यात तरी मेडिकलमधून ते इंजेक्शन आणून गुरांना टोचू नये कुणी.

डॉक्टर जे देतात, मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन वगैरे, ते जेवणानंतर, वजनाप्रमाणे, सांगितले तेवढेच दिवस. उलटी, काळी डांबरासारखी शी, जेवण सोडलं, असं झालं की गोळी थांबवा आणि फोन करा. आणि आधीच्या डॉक्टरने स्टेरॉईड दिलं असेल तर नव्या डॉक्टरला सांगा, ही दोन एकत्र गेली की पोटाची वाट लागते. डॉक्टर बदलला की लोक जुनी चिठ्ठी लपवतात, का लपवतात देव जाणे.

गोळीचा एक तोटा कुणी सांगत नाही. दुखणं थांबतं आणि त्याला वाटतं आपण बरे झालो.

रेस्ट म्हणजे काय

रेस्ट म्हणजे "घरातच आहे, बाहेर सोडत नाही" असं नाही. घरात पण तो बेल वाजली की दाराकडे पळतो, सोफ्यावर चढतो, मांजर दिसलं की बाल्कनीत उडी. रेस्ट म्हणजे पिंजरा किंवा प्ले-पेन, ज्यात उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल, एवढंच. बंड्याला आम्ही हॉलच्या कोपऱ्यात पिंजरा ठेवला, सगळे दिसतील अशा ठिकाणी, बंद खोलीत नाही. पहिले तीन दिवस रडला, चौथ्या दिवशी स्वतः आत जाऊन झोपला. खाणं पसरट ताटात गोठवून द्यायचं, चाटत बसतो अर्धा तास, वेळ जातो त्याचा.

बाहेर काढायचं ते फक्त शू-शीसाठी, छोट्या पट्ट्यावर, दर वेळी ५ मिनिटं. जिने असतील तर पोटाखालून जुना टॉवेल घ्यायचा आणि दोन्ही टोकं वर धरून मागचा भाग हलका उचलायचा, कुत्रा चालतो आपल्या पायांनीच पण वजन टॉवेलवर. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट महिन्यातले दहा दिवस बंद, त्यामुळे मला या टॉवेलची इतकी सवय झाली की हाताला घट्टे पडले.

मग दर आठवड्याला एका फेरीची ५ मिनिटं वाढवायची. मी कालनिर्णयच्या चौकोनात रोज लिहायचो, "१०, १०, ५, लंगडा २", म्हणजे तीन फेऱ्यांची मिनिटं आणि लंगडण्याला ० ते ५ मार्क. दुधाचा हिशोब, एकादशी आणि बंड्याचा पाय सगळं एकाच पानावर. पण त्याचा उपयोग असा झाला की डॉक्टरांनी विचारलं "कसा आहे?" तर "बरा वाटतोय" असं मोघम न सांगता पान दाखवता यायचं. आठवड्यातून एकदा मोबाईलवर स्लो-मोशनमध्ये चालण्याचा व्हिडिओ पण काढा, समोरून, मागून आणि बाजूने. क्रूसिएटवाला कुत्रा बसताना पण ओळखू येतो, पाय दुमडून सरळ बसत नाही, एक पाय बाजूला काढून बसतो.

आता माझी चूक. तिसऱ्या आठवड्यात बंड्या चांगला चारही पाय टेकवून चालायला लागला, मला वाटलं झालं काम, रविवारी सकाळी गोदापार्कला नेला आणि "दोनच मिनिटं" म्हणून पट्टा सोडला. खारीमागे असा सुटला. परत येताना तीन पायांवर, आणि कालनिर्णयवर पुन्हा "५, ५, ५, लंगडा ४". तीन आठवडे पाण्यात. डॉक्टर मला ओरडले नाहीत, नुसते बघितले, ते जास्त लागलं. गुडघ्याभोवती जो कडक पेशींचा वेढा तयार होऊन सांधा धरतो त्याला ६-८ आठवडे लागतात, तिसऱ्या आठवड्यात फक्त दुखणं थांबलेलं असतं. म्हणून तिसरा-चौथा आठवडा सगळ्यात डेंजर, पट्टा सोडायचा नाही म्हणजे नाही.

फरशी, बँडेज आणि वजन

विट्रिफाइड टाईल्स ही कुत्र्यांच्या पायांची दुश्मन आहे. जुन्या वाड्यांतली शहाबादी बरी होती, पाय धरायची. सतरंजी टाकू नका, ती स्वतःच घसरते. आम्ही मार्केट यार्डातून धुतलेली गोणपाटं आणली आणि पिंजऱ्यापासून दारापर्यंत रस्ता केला, खाली डबल टेप. घर धान्याच्या दुकानासारखं दिसत होतं तीन महिने, पाहुणे हसायचे, हसू दे. पंज्याच्या गाद्यांमधले केस पण कापा, त्यानेही फरक पडतो.

बँडेज किंवा प्लास्टर असेल तर रोज दोनदा खाली डोकावून मधल्या दोन बोटांची नखं बघा. जवळजवळ असतील तर ठीक, फाकलेली दिसली तर आत सूज आलीय, बँडेज घट्ट आहे, त्याच दिवशी दवाखाना. बोटं थंडगार, वास येतोय, अचानक चावायला लागला, तर पण तसंच. पावसात बाहेर नेताना सलाईनची रिकामी पिशवी कापून मोजा केला की झकास बसतो, दुधाची पिशवी पण चालते, फक्त घरी आल्यावर लगेच काढायची, आत घाम साचून कातडी कुजते. "ओलं झालंय, वाळेल" असं म्हणून ठेवलेल्या बँडेजखाली जखमा होतात आणि मूळ दुखण्यापेक्षा त्याच निस्तरत बसायला लागतं.

वजन. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड इलाज. बंड्याची पोळी-तूप आणि चहाबरोबरची बिस्किटं बंद केली तर घरात दोन दिवस कोणी माझ्याशी बोललं नाही. खाणं काट्यावर मोजून, वरचं काही हवं तर काकडी, गाजर. नाशकात राहतो म्हणून मुद्दाम सांगतो, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला अजिबात नको, किडनी फेल होते, आणि आपल्याकडे सीझनला घरोघरी पेट्या पडलेल्या असतात. बरगड्या हात फिरवल्यावर लागल्या पाहिजेत, दिसल्या नाही पाहिजेत, एवढं सोपं माप. बंड्या दोन महिन्यांत ११ वर आला आणि मला विचाराल तर अर्धं काम त्यानेच झालं. ग्लुकोसामाईनच्या महागड्या बाटल्यांचा फरक पडतो याचा पुरावा फारसा नाही, माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चा थोडा बरा आहे. पैसे कमी असतील तर बाटली सोडा.

व्यायाम

हे डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. तुटलेलं हाड असेल तर त्यांनी सांगेपर्यंत सांधा हलवायचा नाही.

पहिला प्रकार, सांधा हलवणं. त्याला चांगल्या कुशीवर, म्हणजे दुखरा पाय वर, जाड गोधडीवर झोपवायचं. एक हात मांडीखाली, एक हात घोट्याखाली, पाय हवेत समांतर धरायचा, आणि हळूच गुडघा दुमडायचा, जिथे विरोध लागेल तिथे थांबायचं, दोन श्वास, मग हळूच सरळ. १० वेळा, दिवसातून दोनदा-तीनदा. मान वळवून तुमच्या हाताकडे बघितलं, ओठ चाटले, श्वास रोखला, म्हणजे जास्त झालं, ओरडायची वाट बघू नका. सुरुवातीला बंड्या लाकडासारखा ताठ असायचा, मग मला कळलं की घाई मलाच असते, ऑफिसला निघायच्या आधी उरकायला बघायचो. रात्री बातम्या बघताना करायला लागलो तर मधेच घोरायला लागायचा.

दुसरा, हळू चालणं. हळू म्हणजे इतकं हळू की आपल्याला कंटाळा येईल. कुत्रा भरभर चालला की दुखरा पाय उचलून तीन पायांवर उड्या मारत जाऊ शकतो, हळू चालताना ते जमत नाही, पाय टेकावाच लागतो. पाठोपाठच्या हळू पावलांनी मांडीचा स्नायू परत भरतो. स्नायू भरतोय का ते शिंप्याच्या टेपने मोजा, दोन्ही मांड्या, एकाच उंचीवर, दर पंधरा दिवसांनी.

साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून बस-ऊठ, भिंतीला खेटून उभा करून, म्हणजे पाय बाहेर काढून बसता येणार नाही, ५ वेळा, मग ८, मग १०. सहाव्यानंतर पीव्हीसी पाईपचे तुकडे जमिनीवर एकेक पाऊल सोडून ठेवायचे आणि त्यावरून चालवायचं, उडी नाही, पाय उचलून. आम्ही झाडूचे दांडे वापरले. मग थोडा चढ, इंग्रजी आठच्या आकारात वळणं. दुसऱ्या दिवशी सकाळी लंगडणं वाढलेलं दिसलं तर आदल्या दिवशीचं जास्त झालं, एक पायरी मागे. उन्हाळ्यात हे सगळं सकाळी ७ च्या आत, डांबरावर हाताची उलटी बाजू ५-७ सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचे पंजे भाजतात. थंडीत उलट, आपल्याकडे निफाडचा पारा किती खाली जातो ते दर वर्षी पेपरात येतंच, तेव्हा आधी १० मिनिटं शेक आणि मग बाहेर.

लेसर, अल्ट्रासाउंड, ॲक्युपंक्चर वगैरेबद्दल सगळे विचारतात. मिळत असेल आणि परवडत असेल तर दुखणं कमी करायला मदत होते, पण वरचं काहीच न करता नुसतं लेसरला नेऊन आणणं म्हणजे डाएट न करता जिमची फी भरणं.

पाण्याचं मात्र खरंच चांगलं आहे. कमरेपर्यंत पाण्यात उभ्या कुत्र्याच्या पायांवर त्याच्या वजनाचा साधारण ३८ टक्केच भार येतो, गुडघ्यापर्यंत पाण्यात ८५ टक्के, म्हणजे घोटाभर पाण्यात उभं करून काहीच फायदा नाही. पाण्यातली ट्रेडमिल मिळाली तर उत्तम. गंगेत (म्हणजे आमच्या गोदावरीत) नेऊ नका प्लीज, ते पाणी, त्या पाणवेली आणि निसरडे घाट, जखम असेल तर विचारूच नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मळ्यातल्या शेततळ्यात कधीच सोडू नका. प्लास्टिकच्या कागदावरून कुत्र्याला वर चढताच येत नाही, पोहत पोहत थकून बुडतं, चांगल्या चार पायांचं सुद्धा, लंगड्याचं काय.

मांजरवाल्यांसाठी थोडक्यात

मांजर दुखणं दाखवत नाही, नुसतं लपतं. वरच्या मजल्यावरून पडलं तर चालतंय म्हणून सोडून देऊ नका, छाती आणि जबडा तपासून घ्या. कमरेचं हाड चिरलेलं असेल आणि शू-शी नीट होत असेल तर बऱ्याच मांजरांना ४ ते ६ आठवडे पिंजऱ्यात ठेवूनच बरं करतात. वाळूचा ट्रे कमी काठाचा ठेवा म्हणजे चढायला लागत नाही. व्यायाम म्हणाल तर दोरीला पीस बांधून जमिनीलगत हलवा, मांजराला "बस" म्हणून कोणी बसवलंय आजपर्यंत?

मागचे पाय पूर्ण गेलेलं जनावर असेल तर दर ३-४ तासांनी कूस बदलायची, नाहीतर बेडसोअर होतात, आणि लघवी दाबून काढायची असते दिवसातून ३-४ वेळा, ती दाबायची कशी ते डॉक्टरांच्या समोर तुम्ही करून दाखवा, व्हिडिओ बघून नको. चाकांची गाडी बाहेरून मागवायलाच पाहिजे असं नाही, मापं नीट दिली तर आमच्या अंबड एमआयडीसीतला फॅब्रिकेशनवाला ॲल्युमिनियमच्या पाईपमध्ये करून देतो.

घोडा

मामांची राणी वरातीची घोडी. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, एका दिवसात तीन वराती, शेवटच्या वरातीत डीजेपुढे डांबरावर तासभर नाचवली आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या उजव्या पायाची मागची शीर सुजून धनुष्यासारखी बाहेर. येवल्याच्या घोडेबाजारात आयुष्य गेलेली माणसं गोळा झाली आणि सगळ्यांचं एकच, डाग द्या नाहीतर बिब्बा लावा. मामा पण तयार होते. डाग दिल्याने शीर लवकर जुळते हे कुठेच सिद्ध झालेलं नाही, नुसती नवी भाजलेली जखम होते आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराला असा विनाकारण त्रास देणं गुन्हा आहे. लोकांना फरक का वाटतो, तर डाग दिल्यावर जनावर महिना-दोन महिने बांधून ठेवतात. बरं वाटतं ते त्या बांधून ठेवण्याने.

कुठला पाय लंगडतोय ते आधी ओळखा. कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवा, दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा डोकं वर झटकतो आणि चांगला टेकताना डोकं खाली जातं. मागचा पाय असेल तर समोरून काही कळत नाही, मागे उभं राहून पुठ्ठे बघायचे, दुखऱ्या बाजूचा जास्त वर-खाली होतो. आणि शीर म्हणण्याआधी खूर बघा. अचानक एका रात्रीत पाय टेकवेनासा झाला, खूर गरम लागतोय, तर बऱ्याच वेळा खुरात पू झालेला असतो, पावसाळ्यात तर फार. तो डॉक्टर आणि नालबंद मिळून खालून मोकळा करतात, मग कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट टाकून खूर बुडवायचा, आणि वरून लहान मुलांचा डायपर बांधून चिकटपट्टीने गुंडाळायचा, हसू नका, डायपरइतकं चांगलं काही बसत नाही. खिळा घुसला असेल तर शक्यतो डॉक्टर येईपर्यंत काढू नका, किती आत आणि कुठल्या दिशेला गेलाय ते त्यांना बघू दे. आणि घोड्याला कसलीही जखम झाली की धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते आधी विचारा, धनुर्वाताला घोड्याइतकं नाजूक जनावर क्वचितच असेल. खेड्यात असाल आणि डॉक्टर मिळत नसेल तर १९६२ या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइन नंबरला फोन लावा.

राणीचं काय केलं सांगतो. पहिले काही दिवस बोअरच्या पाण्याचा पाईप पायावर, २० मिनिटं, दिवसातून तीनदा. मामांचा धाकटा पाईप धरून मोबाईल बघत बसायचा, त्याच्या तीन वेब सिरीज संपल्या. मग कापसाचा जाड थर आणि वरून एकसारखं बँडेज, एकसारखं यासाठी की एका जागी दोरीसारखं आवळलं तर तीच शीर अजून चेपते. दोन्ही पुढच्या पायांना बांधायचं, कारण दुखरा पाय उचलून सगळा भार चांगल्यावर येतो आणि त्या खुराला लॅमिनायटिस (खुराच्या आतली सूज) झाला तर मग दोन्ही पाय गेले. खुराक लगेच कमी, हरभरा, बाजरी, गूळ सगळं बंद, वाळलेला चारा भरपूर, लसूणघास थोडा, पाणी कायम पुढ्यात. मामांना हेच पटेना, "आजारी जनावराला उपाशी ठेवू?" पण उभ्या घोड्याला कामाच्या घोड्याचा खुराक दिला की पोटशूळ नाहीतर खूर, दोन्हीपैकी एक ठरलेलं.

सोनोग्राफी केली तेव्हा शिरेच्या मधोमध काळं भोक दिसलं, तिथले धागे तुटलेले. डॉक्टर म्हणाले ९ ते १२ महिने. मामा म्हणाले किती आठवडे? डॉक्टर परत म्हणाले महिने. आधी तिथे कच्चा, अस्ताव्यस्त धागा भरतो, तो हळूहळू ओढ बसेल तसा सरळ रेषेत लागून पक्का होतो, आणि तरी मूळच्यासारखा लवचिक कधीच होत नाही. म्हणून नुसतं बांधून ठेवून पण चालत नाही आणि मोकळं सोडून पण नाही. सूज-दुखणं उतरल्यावर हाताने धरून चालवणं, ५-१० मिनिटं, दिवसातून दोनदा, सपाट कडक जमिनीवर, वाळूत किंवा नांगरलेल्यात नाही. दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत तिसऱ्या महिन्यात अर्धा तास-चाळीस मिनिटं. मग सोनोग्राफी, भोक भरतंय दिसलं तरच थोडी दुडकी, एक-दोन मिनिटांपासून. दर तीन महिन्यांनी परत सोनोग्राफी आणि तिच्यावरूनच पुढची पायरी, घोडी किती खूश दिसतेय त्यावरून नाही, ती दुसऱ्याच महिन्यात उड्या मारत होती. थंडीच्या सकाळी तबेल्यातून बाहेर काढताना तर अशी उसळायची की दोघांनी दोन बाजूंनी दोर धरायचे. नालबंदाला दर ६ आठवड्यांनी बोलवायचं, खुराचं पुढचं टोक लांब वाढलं की शिरेवर ताण वाढतो.

पीआरपी म्हणून एक प्रकार असतो, घोड्याच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग काढून सोनोग्राफीत बघत शिरेत टोचतात. मोठ्या रेसच्या घोड्यांना करतात, आम्ही नाही केला, खर्च झेपणारा नव्हता.

अकराव्या महिन्यात राणीवर खोगीर पडलं. आता मामा वरातीला पाठवतात पण फक्त चालत नेणार, नाचवणार नाही, आणि दिवसाला एकच वरात, हे सुपारी घेतानाच सांगून टाकतात. त्याच्यापायी या सीझनला दोन सुपाऱ्या परत गेल्या, एक तर गावातल्याच सरपंचाच्या घरची होती. मामी अजून धुसफुसते.